भुशाला दिलेला दोष

सुताराच्या कारखान्यात कुत्र्याचं एक पिल्लू आपणहून आलं आणि लाकडाच्या भुशात मुटकुळं करून झोपलं. सुतार तोंडाचा फटकळ, पण त्या पिल्लापुढे त्याचं मेण व्हायचं. नाव ठेवलं 'साहेब'. काम काडीचं नाही आणि देखरेख दिवसभर! रात्री घरी सुताराच्याच गादीवर त्याच्या पायाशी झोपायचा.

जरा मोठा झाल्यावर साहेब अंग ओरबाडायला लागला. पंजे चाटून चाटून लाल, पोटावरचे केस गेलेले. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरला तरी दाखवा."

"डॉक्टर काय सांगणार? भुसा बाधतोय त्याला. जन्म गेला माझा लाकडात, मला नाही कळत?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून साहेब दिवसभर घरी, मागच्या खोलीत. सुताराने आपली जुनी कापसाची गादी त्याला अंथरून दिली. सकाळी तो निघाला की कुत्रं दाराशी रडायचं. "तुझ्याच भल्यासाठी रे," म्हणत तो कडी लावायचा. खाज कमी व्हायचं नाव नाही, उलट वाढलीच. सुताराने खाणं बदललं, मलमं बदलली. आपला हेका तेवढा सोडला नाही. अशी वर्षं गेली.

शेवटी माहेरी आलेली लेक हट्टाला पेटली आणि बाप आणि साहेब दोघांनाही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पिसवा नाहीत, खाण्यातलंही काही नाही, याची बाईंनी आधी खात्री केली. मग पुढच्या खेपेला साहेबाच्या कुशीवरचे केस भादरून परागकण, बुरशी, घरातली धूळ यांचे अंश कातडीत थेंबाथेंबाने टोचले. धुळीच्या जागी टरारून गांधी उठली.

"गादीच्या धुळीत बारीक कीटक असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांचा हा त्रास," बाई म्हणाल्या. "झोपतो कुठे हा?"

"माझ्या जुन्या गादीवर," सुतार म्हणाला. "आणि... भुसा?"

"भुशाची चाचणी नाही केली. पण भुशापासून लांब ठेवल्यावर खाज वाढलीच ना, काका?"

गादी त्याच संध्याकाळी घराबाहेर गेली. अंथरूण गरम पाण्यात धुणं, इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू केस परतले. मग एके सकाळी सुतार मोठ्या हौसेने त्याला कारखान्यात घेऊन गेला. करवत सुरू होताच म्हातारं कुत्रं दचकलं, थरथरत बाहेर गेलं आणि घराच्या रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं.

"बरा झाला ना तो? मग कशाला मनाला लावून घेता?" बायको म्हणाली.

"बरा झाला गं. पण त्याचं उमेदीचं वय मी कडी लावून घालवलं, ते कुठून आणू?"

तेव्हापासून सुतार दुपारी जेवायला घरी येऊ लागला. जेवण झालं की साहेबाशेजारी फरशीवर बसून राहायचा. कामाला परत जायची घाई त्याला उरली नव्हती.