आप्पांना ऐकवलेल्या भोरड्या

खरं सांगायचं तर मी पक्षी पाहिलेत कमी आणि ऐकलेत जास्त. सातपूरच्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम करते. जाता-येता बसमध्ये कानात इयरफोन आणि त्यात पक्ष्यांचा पॉडकास्ट. एक बाई एकेका पक्ष्याची गोष्ट सांगते, दुपारची कामं उरकून गप्पांना बसल्यासारखी, आणि मग त्याचा आवाज ऐकवते. दयाळ, तांबट, कोतवाल. शेजारचा माणूस मोबाईलवर लग्नाची वरात मोठ्यानं बघत असला तरी मी आपली रानात. ऑफिसातल्या बायका चिडवायच्या, "पक्षीप्रेमी म्हणे! कधी खिडकीतून तरी बघ." चिडवेनात का. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता.

मग आप्पांना लकवा झाला. आप्पा म्हणजे माझे वडील. दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे. त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. ज्यांची हाक पलीकडच्या शिवारात जायची, त्यांच्या तोंडून आता हूं की चूं नाही. माल ऐन काढणीला आलेला, म्हणून आई गावाकडे बागेत थांबली आणि आप्पांना मी माझ्या फ्लॅटवर आणलं. सुट्टी टाकली. साहेब कुरकुरले, कुरकुरू देत.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, "ताई, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. निघेल तेवढा आवाज काढून घ्या. त्यांच्या आवडीचं काही ऐकवा." झालं! ते 'सुरुवातीचे महिने' माझ्या डोक्यात जे बसले ते बसलेच. उठता-बसता वाटायचं, वेळ चाललाय. मी भजनं लावली, बातम्या लावल्या, शेतीचे कार्यक्रम लावले. "आप्पा, आ करा. आप्पा, पाणी म्हणा, पा-णी." आप्पा भिंतीकडे बघायचे. मी देवाला नवस बोलले. एकदा तर त्यांच्यावर ओरडले, "अहो, प्रयत्न तरी करा!" आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसले.

एका सकाळी मनात आलं, आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही? या माणसाचा जन्म बागेत गेला. पाखरांचा आवाज आवडणारच की! मी फोन उशीशी ठेवला. भारद्वाज झाला, काही नाही. दयाळ झाला, काही नाही. मग भोरड्यांचा भाग लागला. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. हिवाळ्यात परदेशातून थव्यांनी येते. पॉडकास्टवाली बाई कौतुकानं त्यांच्या प्रवासाची गोष्ट सांगत होती. ती थांबली आणि शेकडो पाखरांचा कलकलाट सुरू झाला.

आप्पांनी मान उचलली. डोळे मोठे झाले. डावा हात गादीवर आपटायला लागला. घशातून घरघर, मग "हा... हा..." आणि मग अगदी स्वच्छ, "हाकल!"

मी वेडीच झाले. आईला फोन लावला, "आई, आप्पा बोलले!" आई बागेत उभी राहून रडली. कोणता शब्द, का, कशासाठी, हे विचारायचं भान कुणाला होतं? बुडत्याला काडीचा आधार. त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की मी भोरड्या लावायची. रोज आप्पा मान उचलायचे, घामाघूम व्हायचे, गादी बडवायचे. "हाकल! हाकल!" मला वाटायचं, बोलायला कष्ट पडताहेत, पडू देत. दुसरा शब्द मात्र येत नव्हता. मी आवाज वाढवत गेले.

काढणी संपली आणि आई आली. दारात चप्पल काढतानाच तिनं तो कलकलाट ऐकला आणि पिशवी तिथंच टाकून आत धावली.

"बंद कर आधी ते! अगं, भोरड्या ऐकवती व्हय त्यांना?"

"आई, यानंच तर बोलतात ते."

"बोलत्यात? कळतं का तुला काही! द्राक्षात गोडी भरली का हीच पाखरं तुटून पडत्यात. उजाडायच्या आत डबा बडवीत पळायचे ते रांगांमधून. एक थवा उतरला तर घड नाय ठेवत जागेवर. इथं पडल्या पडल्या त्यांना वाटतंय बाग खाऊन चालली आन् घरातलं एक माणूस उठंना!"

मी लहानपणापासून मामाकडे शिकायला. सुट्टीत गावी जायची तेव्हा माल निघून बाग खाली झालेली असायची. द्राक्षवाल्याची लेक मी, आणि बापाच्या उशाशी रोज सकाळी त्याचा वैरी नेऊन ठेवत होते. फोन भिंतीवर फेकून द्यावासा वाटला.

तरीही आई आप्पांकडे वळली तसा मी तिचा हात धरला. "आई, बाग खाली झाली हे सांगू नको ना त्यांना. थोडे दिवस. तेवढा एकच शब्द आहे गं. तो धरून दुसरा येईल."

"आन् तवर त्यांनी रोज असंच तडफडायचं?"

"मग ते कधीच बोलणार नाहीत!"

"नाय बोलले तरी चालंल," आई म्हणाली. ती पलंगावर टेकली, आप्पांचा डावा हात मांडीवर घेतला. "अहो, ऐकलं का? माल गेला सगळा. चांगला गेला. काल शेवटची गाडी भरून दिली. आता एक मणी नाय बागंत. बसू द्या पाखरांना कुठं बसायचं ते."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, मग खांदे सैल पडले आणि ते झोपले. किती दिवसांनी असे झोपले होते.

दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेली आणि मी पुन्हा भोरड्या लावल्या. आप्पा ऐकत होते. चेहऱ्यावर एक आठी नाही.

"आप्पा, भोरड्या आल्यात," मी म्हटलं. "हाकला ना."

काही नाही. मी फोन त्यांच्या कानाशी नेला. "आप्पा, आई खोटं बोलली. बाग भरलेली आहे. खाताहेत हो सगळी, म्हणा ना, हाकल म्हणा!"

आप्पांनी डावा हात उचलला. मला वाटलं, गादीवर आपटतील. तो त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मी "म्हणा ना, म्हणा ना" करत राहिले.