मोठेबाबांच्या चाकूचं पाणी

मोठेबाबांच्या चाकूचं पाणी मी घालवलं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो ते मायेपोटी.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडे. शेती कोरडवाहू, पण मोठेबाबांचं नाव शेतीमुळे नव्हतं. ते संत्र्याचे डोळे बांधायचे. हिवाळा लागला की सातपुड्याच्या पायथ्याच्या पन्हेऱ्यांमधून, म्हणजे कलमांच्या रोपवाटिकांमधून, त्यांना बोलावणं यायचं. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, कोवळ्या रोपाची साल चाकूनं चिरायची, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद उचलायचा, त्या चिरेत सरकवायचा आणि पट्टीनं बांधून टाकायचा. सांगायला एवढंच. पण चीर जरा खोल गेली, साल जरा फाटली, की डोळा काळा पडतो. मोठेबाबांनी बांधलेले डोळे सहसा काळे पडत नसत. लोक म्हणायचे, हातगुण आहे. आमच्याकडे हे नुसतं कौतुक नसतं, लोक ते खरंच धरून चालतात. गल्लीतल्या बायका वालाचा वेल लावायचा झाला तरी पहिलं बी त्यांच्या हातून मातीत घालून घ्यायच्या.

माझा धंदा म्हणा, नाद म्हणा, जुन्या घडीच्या चाकूंचा. बाजारात, भंगारात गंजून पडलेले खिशातले चाकू उचलून आणायचे. खिळा काढून मूठ उघडायची, रॉकेलात भिजत घालायचं, पात्यावरचा गंज पॉलिश पेपरनं उतरवायचा, आधी जाड पेपर मग बारीक, आणि शेवटी निसण्यावर धार. मूठ शिसवाची असेल तर घासून तिला जवसाचं तेल पाजायचं. सगळं हातानं. मशीन लावत नाही ही माझी तेव्हाही ऐट होती, आणि ती उगाच नव्हती. लोहारानं पात्याला पाणी दिलेलं असतं, तापवून विझवून कडक केलेलं असतं. मशीनवर पातं पुन्हा तापलं की तो कडकपणा उतरतो. मग धार लागते, पण टिकत नाही. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी तिशीत असेन. मोठेबाबांनी त्यांचा चाकू आणून दिला.

"धारीले दातरे पडले बे. पन्हेरीत तारेवर गेला. सोमवारी निघून राह्यलो मी. होईल न?"

"हाव मोठेबाबा, ठेवा."

"मुठीले लय नको कोरू. ते माह्या अंगठ्याले वळखते."

मूठ म्हशीच्या शिंगाची होती. अंगठ्याची खळगी तशीच राखून मी बाकीची मूठ घासली, चमकवली. इतकं चांगलं काम मी पुढेही फार वेळा केलं नसेल. त्यातच आठवडा गेला आणि रविवारी पातं हातात घेतलं तर दातरे तसेच. निसण्यावर घालवायचे तर दिवसही पुरला नसता. मी मित्राच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो.

"काऊन बे, हाताचे कलाकार आज मशीनीवर?"

"गप. चालू कर."

"थांब, आधी गावात दवंडी देतो."

तो हसत हसत ग्राइंडर चालू करून, तोंडावर काच धरून फाटकाच्या वेल्डिंगकडे वळला. मी पातं चाकाला लावलं. दातरे बघता बघता गेले. धार अजून सरळ यावी म्हणून मी आणखी धरलं. पाण्याचा डबा शेजारीच होता. मध्येमध्ये बुडवत होतो, पण शेवटी हात लोभावला आणि बुडवायचं राहिलं. धारेला लागून निळा पट्टा उमटला. निळा झाला म्हणजे पाणी उतरलं, त्यात वाद नसतो. मित्राची पाठ माझ्याकडे होती. घरी येऊन मी बारीक पेपरनं तो निळेपणा घासून काढला आणि पात्याचा आरसा करून ठेवला.

मोठेबाबांनी नखावर धार पाहिली. "नवा घेऊन आला काय बे? तुह्याही हातात हाय काही." आणि चाकू खिशात घालून ते सोमवारी गेले.

त्याच हिवाळ्यात ते पन्हेरीत असताना मोठ्याई, म्हणजे त्यांची बायको, तापानं गेली. निरोप पोचून ते येईपर्यंत तिला अंगणात आणून ठेवलेलं होतं. तेरवी उरकून ते पन्हेरीत परत गेले, बांधलेल्या पट्ट्या सोडून पाहिल्या, तर त्यांच्या रांगांतले बहुतेक डोळे काळे. शेजारच्या रांगेत दुसऱ्यानं बांधलेले हिरवेगार.

परत आल्यावर ते सरळ माझ्याकडे आले. चाकू पुढ्यात ठेवला.

"एक विचारू? पातं मशीनीवर त नव्हतं धरलं?"

"नाही मोठेबाबा. हातानंच घासलं."

"तापलं नाही न?"

"हातानं घासलेलं कुठी तापते काय?"

मी वर हसलोही. ते माझ्याकडे बघत राहिले, पण संशयानं नाही.

"हाव, तेही हाय. थोडंसं काम झालं का साल फाटून राह्यली, म्हणून मले वाटलं पातंच. मंग माहाच हात जड झाला म्हणाचा."

पुढच्या हिवाळ्यातही तेच झालं. चाकू तोच, कारण तो मी केलेला होता आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. पन्हेरीवाल्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "बुवा, तुम्ही पट्ट्या बांधा. चाकू दुसऱ्याले द्या." कामावरचं कुणीतरी म्हणालं, बुढी गेली अन् हातगुण घेऊन गेली. ते वाक्य त्यांच्या आधी गावात पोचलं. मी ते त्यांच्यासमोर उडवून लावायला गेलो, तर मोठेबाबा म्हणाले, "लोकाइचं खरं हाय बे. ते इथं तापानं फणफणत होती अन् मी तिथं झाडाइचे डोळे बांधत बसलो. मंग कसा राहीन हात?"

तेव्हा बोललो असतो तर दोन शिव्या बसल्या असत्या, एखादी थोबाडीत. लोहाराकडून पात्याला पुन्हा पाणी देऊन आणलं असतं, नाहीतर नवं पातं बसवलं असतं. पण हातानं काम करणारा म्हणून माझं नाव नुकतं होऊ लागलं होतं आणि मला ते जपायचं होतं. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं. मोठेबाबा पुन्हा पन्हेरीला गेले नाहीत.

आता वडनेर भोलजीपासून डोणगावपर्यंतचे लोक माझ्याकडे चाकू पाठवतात. मोबाइलवर विचारतात, मशीनवर तर करत नाही ना? मी लिहितो, नाही. आता ते खरं आहे.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या ओसरीवर एक मूठ घासत बसलो होतो. शेजारची नवी सून दोडक्याचं बी घेऊन आली. तिच्या सासूच्या तोंडून तिनं जुन्या काळचं अर्धंच ऐकलं असावं. म्हणाली, "आबाजी, तुमच्या हातानं लावून द्या न. सासूबाई म्हणतात, तुमच्या हाताले गुण होता."

"होता, माय," मोठेबाबा म्हणाले. "आता माह्या हातानं लावशीन त उगवाचंही नाही. तूच लाव."

ती गोंधळली. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लाव तूच," आणि पुन्हा घासायला लागलो. तिनं भिंतीशी खड्डा केला, बी टाकलं. मोठेबाबा हात मांडीखाली दाबून बघत होते, जणू त्यांची सावलीही त्या मातीवर पडू नये.

मोठ्याई गेली त्या हिवाळ्यापासून हा माणूस असा बसला आहे. आपल्याला शिक्षा झाली, आणि ती योग्यच झाली, असं धरून. त्यातलं बायकोचं दुःख त्यांचं आहे, त्याला माझा इलाज नाही. हाताचं मात्र मी केलेलं आहे.

ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू नीट येतं, सगळं समजतं. पातं मी मशीनवर धरलं होतं, ते निळं पडलं होतं, तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं, हे मला त्यांना सांगायचं आहे. एकट्यात नाही. ज्या गल्लीनं त्यांना बी लावायला बोलावणं सोडलं तिच्यासमोर, आणि तो पन्हेरीवाला अजून आहे, त्याच्याकडे जाऊन त्यालाही. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि आज हे लिहितानाही ते दिलेलं नाही.