वरातीला माझी मोटर

आमची मोटर घरी आली तेव्हा उत्तम चालत होती. पुढे तिला माझी देखभाल लाभली.

मालगुजारी गेली आणि आमगावकडच्या एका मालगुजारांनी कापडी टपाची आपली जुनी मोटर विकायला काढली. ती मी घेतली. का घेतली? गावात धान सगळ्यांकडेच होतं, मोटर कोणाकडेच नव्हती! मालगुजारांचा ड्रायव्हर ती अंगणात उभी करून, मला हँडल मारायला शिकवून निघून गेला. तांदळाच्या गिरणीतलं इंजिन मी आयुष्यात दोनदा सुरू केलं होतं (दुसऱ्यांदा ते आधीच सुरू होतं). तेव्हा बाकीचं ज्ञान मला उपजतच असणार, अशी माझी समजूत होती.

तेवढ्यात पावसाळा लागला. मोटर धानाच्या कोठ्यात गेली आणि आठ दिवसांत उंदरांनी मागची गादी कुरतडली. माझं डोकं सणकलं! "मोटरीले एक भोक उघडं ठेवाचं नाही!" असा हुकूम मी सोडला, आणि आमच्या म्हाताऱ्या गड्यावर, कारूवर, भरवसा नको म्हणून स्वतःच धोतर खोचून बसलो. आमच्याकडे धानाची ढोली, म्हणजे बांबूची कणगी, भरली की तिचं तोंड शेणमातीनं लिंपतात आणि कोणी उघडलं तर कळावं म्हणून ओल्या लिंपणावर खूण उमटवतात. मीही मोटरीचं भोकन् भोक तसंच लिंपलं आणि प्रत्येकावर माझ्या अंगठीतलं 'म' अक्षर दाबलं. काम इतकं सुबक झालं की दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होतो.

दिवाळी झाली आणि दवनीवाड्याच्या माझ्या मेव्हण्याचं लग्न ठरलं. मी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, ठणकावून सांगून आलो, "रेंगी सांगू नका. नवरदेव माह्या मोटरीत बसन!" मामाजींनी ठरवलेली बैलांची रेंगी बिचाऱ्यांनी परत केली. माझी बायको सुभद्रा ही नवरदेवाची करवली. ती तर मोटरीतून माहेरी उतरण्याची तालीमच करत होती.

लग्नाच्या तीन दिवस आधी मी सगळी लिंपणं खरवडून काढली (सगळी, असं मला वाटलं) आणि हँडल मारलं. मोटर फुर्र म्हणाली आणि गप्प झाली.

"गोंदियाहून मिस्त्री बोलवा जी," सुभद्रा म्हणाली.

"कायले? मी मेलो का?"

प्लग काढले, पुसले, लावले. कार्बुरेटर उघडला, बंद केला तर एक स्क्रू उरला. तो बनवणाऱ्यांनी जास्तीचा दिला असणार, म्हणून खिशात टाकला! दुसऱ्या दिवशी पेट्रोल गाळलं, तेही सुभद्रेच्या पोलक्याच्या नव्या कापडातून. ते करून झाल्यावर दोघीही माझ्याशी बोलेनात, मोटरही आणि सुभद्राही.

कारू उकिडवा बसून सगळं बघत होता. "मालक, हिचा धूर कोठून निघते जी?"

"आधी सुरू तं होऊ दे! धुराची कायले घाई करून रायला?"

अशा अडाण्याच्या नादी कोण लागणार!

वरातीच्या दिवशी सकाळी सुभद्रा नवी साडी नेसून दारात उभी, डोळ्यांत पाणी. "वरात निघून जाईन जी! माह्या भावाचा करा मंग कोन धरन?"

मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी तर वाटलंच, पण मामाजींच्या दारात मोटरीशिवाय उतरायचं, याचं जास्त! शेवटी माझ्या तल्लख डोक्यातून तोडगा निघाला. मोटरीलाच नाड्यानं बैल जुंपले आणि दोन कोसांची वाट धरली.

"मालक, आता चांगली पळून रायली जी!" बैल हाकता हाकता कारू म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता, मनापासून बोलत होता.

आम्ही मांडवाशी पोचलो तशी वाजंत्री थांबली. मामाजींनी बैलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मोटरीला एक फेरी मारली आणि मागच्या बाजूला थबकले.

"जवाईबापू, मोटरीत धान भरून आनलं का जी?"

"नाही. काऊन?"

"मंग हे नळी कायले लिंपून ठेवली?"

त्यांनी काठीनं टोचलं आणि धूर सोडायच्या नळीतून वाळलेलं ढेकूळ सुटून त्यांच्या हातात आलं. त्यावर ठसठशीत 'म'! मांडवात अंगठ्या बऱ्याच होत्या, 'म'ची मात्र माझी एकट्याची.

आता अब्रू वाचवायची तर मोटर सुरूच व्हायला हवी! मी टुणकन आत बसलो आणि कारूला हँडल मारायला लावलं. अर्ध्या फेरीत इंजिन असं गरजलं की मांडव हादरला. बैल सोडायचे राहिले होते. असला आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता! कारू बाजूला उडाला आणि बैल, मोटर आणि मी, असे तिघेही थेट गावाबाहेरच्या बोडीकडे निघालो. तळ्याच्या काठावर बैल वळले, नाडा तुटला, आणि मी मोटरीसकट पाण्यात गेलो. (इंजिन पाणी लागेपर्यंत उत्तम चालत होतं, हे मुद्दाम सांगतो.)

वरात वेळेवर निघाली. नवरदेव आणि सुभद्रा शेजाऱ्याच्या रेंगीत बसले, करा तिनंच धरला. मी ओल्या धोतरानं मागून पायी.

मोटर पुढे मी विकून टाकली, पण ते ढेकूळ मामाजींनी देवळीत जपून ठेवलं. दरवर्षी धान भरलं की त्यांचा निरोप ठरलेला: "जवाईबापूले पाठवा, ढोली लिंपाची आहे. त्याईनं लिंपलं तं धूर निघत नाही, उंदीर कोठून शिरते!"