पाण्याने हलायचं, मुलीने नाही

आमची सात वर्षांची मुलगी जेवतानाही नाचते. तिला अर्धा तास न हलता झोपवायचं हे ज्याला सुचलं, त्याला मूलबाळ नसणार असं माझं ठाम मत झालं होतं.

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंपासून वाढलेली गाठ दिसली. आम्ही गोव्याच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. कॅन्सर आहे का, एवढंच मला विचारायचं होतं आणि तेवढंच विचारायला जीभ रेटत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी न विचारताच सांगितलं, "एमआरआयचा एक प्रकार आहे. गाठीतल्या पाण्याचे कण किती हलतात ते तो दाखवतो. कॅन्सरच्या गाठीत पेशी दाटीवाटीने असतात, पाण्याला फिरायला जागाच नसते. साध्या गाठीत ते बरंच मोकळं फिरतं. पण मूल हललं तर फोटो बिघडतो."

नवरा विचारात पडला. "म्हणजे चेडवान हलाचा नाय, आणि पाण्यान मातर हलाचा."

"अगदी बरोबर," बाई हसल्या. "भूल न देता जमलं तर उत्तम. घरी सराव करून आणा."

सराव नवऱ्याने अंगावर घेतला, तिथेच माशी शिंकली. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. देवापुढे तो एकेक मागणं मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दुसरी भाषणाची पद्धत त्याला येतच नाही. आठवडाभर आमची लेक खाटेखाली आडवी, मी मशिनीचा आवाज म्हणून परात बडवतेय, आणि हा खाटेशी उभा राहून खड्या आवाजात, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू मशिनीत गेल्यार हात-पाय हलवचा नाय रे म्हाराजा!"

खाटेखालून उत्तर यायचं, "व्हय म्हाराजा!" मीही कौतुकाने बघत होते, म्हणजे अक्कल दोघांचीही गहाण पडली होती.

इस्पितळात ती मशिनीत शिरली. मी तिच्या पायाशी बसले. आतल्या स्पीकरवर तंत्रज्ञ प्रेमाने म्हणाले, "बाळा, आता अजिबात हलायचं नाही हं."

"व्हय म्हाराजा!" लेकीने ओरडून हात जोडले आणि कपाळाला लावले.

पुन्हा सूचना, पुन्हा नमस्कार. तिसऱ्या वेळी तंत्रज्ञांनी बाहेर येऊन विचारलं, "हे काय चाललंय?" काय सांगणार, कपाळ! मला हसूही येत होतं आणि रडूही. आमच्या मूर्खपणापायी उत्तर हुकलं तर? शेवटी नवऱ्याला आत बोलावून माइकसमोर उभं केलं. तो खाकरला आणि म्हणाला, "गाराणा संपला गो बाय. आता गप ऱ्हव."

त्यानंतर पोरगी हूं की चूं न करता पडून राहिली.

दुपारी बाईंनी पडद्यावर गाठ दाखवली. पाणी बऱ्यापैकी मोकळं फिरत होतं. "साधी गाठ असण्याची शक्यता जास्त. पण काढून तपासल्याशिवाय मी खात्री देणार नाही." पुढे शस्त्रक्रियेनंतर तपासणीतही तेच निघालं. त्या दिवशी मात्र आमच्या हातात फक्त 'शक्यता' होती.

घरी येताना कसालला बस बदलायची होती. शाळा आठ दिवसांवर आली होती आणि मी लेकीचा गणवेश घेतला नव्हता. विसरले नव्हते. हातच पुढे होत नव्हता. त्या दिवशी मी स्टँडसमोरच्या दुकानात शिरले. दुकानदाराने तिच्या मापाचा काढला. मी दोन मापं मोठा मागितला.

"सैल पडात गो," तो म्हणाला.

"पडांदे," मी म्हटलं. "चेडू वाढतला."