आर्लीन उठली नाही

चर्चला सगळे जात नाहीत, पण कचरा सगळ्यांच्याच घरी होतो. त्यामुळे आमच्या गावात कोणाला गाठायचं असेल तर शनिवारी सकाळी कचरा डेपोवर जावं. आमची आमदार आर्लीन पेल्की हेच करते. राजधानीतलं अधिवेशन मे महिन्यात संपलं की पहिल्याच शनिवारी फाटकाशी घडीचं टेबल टाकते, डोनट आणि कॉफी मांडते आणि प्रत्येक गाडीच्या खिडकीशी जाऊन काय झालं, काय राहिलं ते सांगते.

मी तिथल्या शेडमध्ये असते. नको झालेल्या पण धड असलेल्या वस्तू लोक तिथे ठेवून जातात, ज्याला हव्या तो नेतो. एकाच टोस्टरवर दोघांचा डोळा असला की भांडण मिटवायचं काम माझं.

आर्लीन मूळची शाळेच्या बसवरची ड्रायव्हर. निम्म्या गावाला तिने लहानपणी आरशातून डोळे वटारून गप्प बसवलं आहे. आधीचे आमदार वारले तेव्हा उभं राहायला कोणी तयार होईना. गावसभेत कोणीतरी तिचं नाव घेतलं. ती मागे स्वयंपाकघरात सूप वाढत होती. नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती आमदार झाली. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती राजधानीत एका म्हाताऱ्या बाईच्या माडीवर भाड्याने राहते आणि शुक्रवारी घरी येऊन शेळ्या बघते. या वयात कोणी सांगितलंय, असं मी तिला तोंडावर म्हणते. ती हसते.

या वर्षी ती हसत नव्हती. आणि शेडकडे बघतही नव्हती.

शेडच्या दारामागच्या खुंटीला गावातल्याच जून लॅपमचा लाल रेनकोट होता. ती फेब्रुवारीत वारली. तिच्या नवऱ्याने, एव्हरेटने, तिचं सामान महिनाभराने माझ्याकडे आणून ठेवलं. भांडी गेली, बूट गेले, विणायच्या सुया गेल्या. रेनकोट कोणी नेला नाही. चांगला जाड, नवा होता. बायका हात लावून बघायच्या, कोणाचा ते आठवायचं आणि हात काढून घ्यायच्या. वारा सुटला की तो खुंटीवर वळायचा, आणि मीसुद्धा दोनदा तरी “ये गं” म्हणून गेले आहे.

जून हृदयविकाराने गेली असं डॉक्टर म्हणतात. आम्ही गावातले जाणतो की ती भिडेपायी गेली. आमच्याकडे ॲम्ब्युलन्स चालवणारे गावातलेच लोक, बिनपगारी. त्या रविवारी बर्फाच्या वादळानंतर पहिल्यांदा ते बायकापोरांसोबत अग्निशमन केंद्रातल्या जेवणाला बसले होते. जूनचा हात दुखायला लागला. त्यांना ताटावरून कशाला उठवायचं म्हणून तिने फोन केला नाही. एव्हरेट तेव्हा गोठ्यात असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

दफनाच्या दिवशी आर्लीनने एव्हरेटचा हात धरून शब्द दिला होता. सरकारने या लोकांना पगार द्यावा, म्हणजे फोन करताना कोणी ओशाळणार नाही, असं विधेयक ती मंजूर करून आणणार होती. गाव त्याला जूनचं विधेयकच म्हणायचं.

त्या शनिवारी ती प्रत्येक खिडकीशी सांगत होती, “पडलं ते.” लोक मान हलवायचे, डोनट घ्यायचे, पुढे जायचे.

मग एव्हरेटचा ट्रक आला. त्याने पिशव्या टाकल्या, हात पुसले आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“पडलं म्हणे,” तो म्हणाला.

“हो,” आर्लीन म्हणाली. मग तिने कॉफीचा कप खाली ठेवला. “पडलं नाही, एव्हरेट. मी पडू दिलं.”

मी शेडच्या दारात होते, सगळं ऐकू येत होतं. तिने त्याला सगळं सांगितलं. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. मतदान आवाजी होतं, आधी हो म्हणणारे ओरडले, मग नाही म्हणणारे. तिच्या कानांना दोन्ही आवाज सारखेच वाटले. अध्यक्ष म्हणाले, नाहीचा जोर दिसतोय, आणि क्षणभर थांबले. त्या क्षणात कोणाही एकाने उठून नावं पुकारून मोजा म्हटलं असतं, तर मोजावंच लागलं असतं. पण लोकांनी कोट चढवले होते. शेजारच्या बाईला लेकीच्या पदवीदानाला पोचायचं होतं. दीडशे नावं पुकारायची म्हणजे सगळ्यांचा खोळंबा.

“मी उठणारच होते,” आर्लीन म्हणाली. “वर प्रेक्षकांच्या सज्जात बघितलं तर जून बसलेली. तोच लाल रेनकोट घालून. तिने हाताने खूण केली, बस म्हणून. राहू दे, जाऊ देत त्यांना घरी. आणि मी बसले. वेड लागलंय मला असं म्हण हवं तर.”

मागे गाड्या थांबल्या होत्या. हॉर्न कोणी वाजवला नाही, आमच्याकडे वाजवत नाहीत.

“वेड नाही,” एव्हरेट म्हणाला. “मलाही तिने तशीच खूण केली होती. मी गोठ्यात नव्हतो, आर्लीन. तिच्याजवळ बसलो होतो. फोन माझ्या हातात होता. राहू दे म्हणाली, जेवू दे त्यांना. आणि मी ठेवला.”

इतके महिने हा माणूस दर शनिवारी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

“जानेवारीत परत मांड,” तो म्हणाला. “आणि ती दिसली तर तिचं ऐकू नकोस. मी ऐकलं.”

तो गेला. रेनकोटाकडे त्याने मान वळवून बघितलंही नाही.

आर्लीन पुढच्या गाडीच्या खिडकीशी गेली. आता ती पडलं म्हणत नव्हती. “मी उठले नाही,” असं सांगत होती. एकही खिडकी तिने सोडली नाही. कोणीतरी चिडावं, चार शब्द सुनवावेत, म्हणूनच ती तिथे उभी आहे हे मला दिसत होतं. मला वाटलं, आता तरी कोणीतरी बोलेल.

पण आमचं गाव ते. असू दे गं, एवढं काय, तू दमली असशील, असं म्हणत एकेक जण तिच्या हातावर थोपटायचा आणि काच वर करायचा. तिला त्रास द्यायची कोणाची इच्छा नव्हती. मी आत वळले तर दारामागे रेनकोटाची बाही वाऱ्याशिवाय हलत होती, राहू दे म्हटल्यासारखी, आणि मीही आर्लीनला काही बोलले नाही.