दम तुटला तो सामना

हुतुतूत माझं नाव होतं ते दमासाठी. अंगानं मी काही आडदांड नव्हतो. पण एकदा मधली रेघ ओलांडून गेलो की समोरचे सात जण वाट बघून कंटाळायचे आणि माझा दम चालूच असायचा. तळेगाव ढमढेऱ्यात आम्हा मुसलमानांची थोडीच घरं, पण सामना असला की सगळं गाव मला आपला गडी म्हणायचं. नोकरी दौंडला, रेल्वेच्या शेडमध्ये. शनिवारी घरी यायचो आणि पिशवी टेकवून आधी मैदानावर जायचो.

चौतिशीत दम आखडायला लागला. पहिल्यांदा कळलं ते चुलीपाशी. बायकोनं तव्यावर भाकरी टाकली की मी हुतुतू सुरू करायचो, ती भाकरी उलटेपर्यंत न थांबता. लग्न झाल्यापासूनचा हा आमचा खेळ. त्या हिवाळ्यात एकदा बघितलं, तर तिनं उलटलेली भाकरी खालून पांढरी होती. माझा आवाज फाटताना ऐकून तिनं ती आधीच उलटली होती.

"कच्ची राहिली की," मी म्हणालो.

"जाळ कमी हाय," ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. जाळ चांगला होता.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि काही नाही म्हणून सांगितलं. "वय होतं माणसाचं," एवढंच. मी पहाटे उठून पळायला लागलो, विहिरीत बुड्या मारायला लागलो. आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

त्याच साली यवतच्या जत्रेत सामना होता. यवतचा कोपऱ्यातला गडी माझा दहा वर्षांचा वैरी. माझा घोटा त्याच्या पंजात किती वेळा सापडला असेल आणि मी किती वेळा सोडवून घेतला असेल, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. मैदानाबाहेर मात्र आम्ही दोन शब्दांच्या वर कधी बोललो नव्हतो.

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते आणि ती माझ्यावर आली. एकाला शिवलो, वळलो, आणि त्यानं घोटा धरला. मी तोंडावर आपटलो. रेघ हातभर पुढं. मातीत कोपर रोवून सरकलो आणि तेवढ्यात दम तुटला. खोकल्यासारखा एक आवाज आला आणि पुढं काही निघेनाच. त्यानंतर बोटं रेघेला लागली.

माणसांचा एकच कल्ला. पंच लांब उभे होते, त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी यवतच्या त्या गड्यालाच विचारलं, "दम गेला का?"

तो माझ्या पायावर पडलेला. त्याचा कान माझ्या पाठीला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "चालू हुता."

आमच्या गावानं मला खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला. मी एक शब्द बोललो नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी दौंडहून गाडीत बसलो आणि यवतला उतरलो. तो कांद्याला पाणी धरत होता. मला बघून त्यानं खोरं टेकवलं.

"खोटं का बोललास?" मी विचारलं.

"तुला तसं पडलेलं बघवंना," तो म्हणाला. "आन् तू तरी कुठं खरं बोललास?"

त्यानं एका वाफ्याचं तोंड बांधलं, दुसऱ्याचं फोडलं. मग पाठमोराच म्हणाला, "पोरांनी मला संघातनं काढलं. म्हातारा झाला, घरभेदी झाला म्हणत्यात."

मी तिथूनच त्यांच्या मैदानावर गेलो. सराव चालला होता. त्यांच्या नव्या कप्तानाला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशी माझा दम गेला होता, सामना तुमचा होता, गप्प बसलो तो दोष माझा, गडी तुमचा होता तसा परत घ्या.

तो ऐकत होता, पण डोळे खेळाकडं. "आता सांगून काय उपेग, चाचा?" तो म्हणाला. "जत्रा झाली की."

मैदानावर मला कुणी चाचा म्हणण्याची ती पहिली वेळ. तो तुच्छतेनं बोलला नव्हता. वयानं मोठ्या माणसाशी बोलतात तसा बोलला, आणि तेच मला सोसलं नाही.

त्यांनी त्याला परत घेतलं नाही. माझ्या गावात मी खरं सांगितलं, तेव्हा काहींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, एकजण तर म्हणाला की जिंकलेलं कशाला उकरता. मी त्यानंतर चढाईला गेलो नाही. काही दिवस रेघेबाहेर उभा राहून बघायचो. पण समोर कुणी दम धरला की माझी छाती आपोआप आवळायची आणि त्याचा दम संपायच्या कितीतरी आधी सुटायची.

मग शेडमध्ये साहेबांना सांगून मी शनिवारची पाळी मागून घेतली.

"मंग घरी कवा येणार?" बायकोनं विचारलं.

"रविवारी," मी म्हणालो.

पिशवीतली खेळायची चड्डी तिनं धुऊन, घडी घालून, ट्रंकेत खाली ठेवली.