माईकची दुसरी बाजू

मनोहरभाऊंना मी प्रथम भेटले ती रडकुंडीला येऊन. आवाज फार बारीक आहे, असे सांगून अमरावतीच्या एका स्टुडिओने मला परत पाठवले होते. कुणीतरी म्हणाले, अकोल्याला भाऊंच्या स्टुडिओत जा. भाऊंनी एक ओळ ऐकली आणि कपाटातून रिबन माईक काढला. त्यात कागदाहून पातळ धातूची पट्टी असते. जोराची फुंकरही तिला सोसत नाही. माईकला जोडलेल्या पहिल्या प्रीअँपने माझ्या आवाजाबरोबर खरखरही वाढवली. भाऊंनी दुसरा जोडला, मग तिसरा. मी कंटाळले, ते नाहीत.

"काहून घाबरून राहिल्या बाई? आवाज चांगला आहे. हा माईक हळू बोलते, त्याले वाढवणारा डबा शांत पाह्यजे."

त्या दिवशी मला माझाच आवाज पहिल्यांदा आवडला.

हा माईक पुढून ऐकतो तसाच मागूनही. म्हणून गाणारा एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला भाऊंच्या पत्नी शांताताई हलक्या हाताने खंजिरी वाजवत बसत. आमच्या कितीतरी भीमगीतांत ती खंजिरी आहे.

पट्टीला झोल पडू नये म्हणून माईक कायम उभा ठेवायचा, हा भाऊंचा दंडक. धारणीकडच्या एका वृद्ध गायिकेला अकोल्याला येणे जमेना, तेव्हा भाऊच बसने तिच्या गावी गेले. मेळघाटाच्या वळणांवर माईक मांडीवर उभा धरून. ते परतल्यावर आमच्यासमोर शांताताई म्हणाल्या, "मले कधी असं धरलं नाही यायनं!" भाऊ केवढे लाजले होते!

शांताताई गेल्या आणि भाऊंनी माईकवर फडके टाकले. गाणारेही आता घरीच मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात. स्टुडिओत दिवसभर पंख्याचा तेवढा आवाज असतो. भाऊंच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचा विषय काढायला आम्ही गाणारे गेलो, तर भाऊ म्हणाले, "सत्कार कायले करता? तो माईक घेऊन जा कोणी. मागच्या बाजूनं आता काही ऐकू येत नाही."

मला फार एकटे वाटले; त्यांना किती वाटत असेल! मी उठून फडके काढले. खाली माईक उभाच होता. माईकमागच्या शांताताईंच्या खुर्चीवर बसून, वाजवता येत नसतानाही, मी त्यांची खंजिरी वाजवू लागले. भाऊंनी प्रीअँप सुरू केला.

"लय बेकार वाजवता तुमी. पुन्हा वाजवा."

भाऊ, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. मला खंजिरी शिकायला फार वर्षे लागणार आहेत.